आईने घेतलेला दोष

माझी धाकटी बहीण दीड वर्षाची असताना तापली, मान ताठ झाली. जीव वाचला, श्रवणशक्ती मात्र कायमची गेली. गार पाण्याने न्हाऊ घातले म्हणून असे झाले, असा दोष आई जन्मभर स्वतःकडे घेत राहिली. मेंदूच्या आवरणाला जिवाणूंमुळे आलेली सूज, हे खरे कारण मला फार उशिरा कळले. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब हे त्यांतील प्रमुख जिवाणू. निरोगी माणसांच्या नाका-घशातही ते असतात, क्वचितच रक्तात शिरतात. आजार विरळा, पण झाल्यास सुमारे सहांतील एक रुग्ण दगावतो. हिबची लस सरकारी लसीकरणात २०११पासून टप्प्याटप्प्याने आली, न्यूमोकोकसची २०१७पासून. परवा दीड महिन्याच्या नातवाला दोन्ही टोचल्या. तो रडला; बहीण त्याचा चेहरा न्याहाळत होती.