परमुलखातला रस्ता

मानकोलीचा पत्ता सांगताना फार शब्द लागत नाहीत. नाशिक हायवेला, ठाण्याच्या पुढं, जिथं गोडाऊनं सुरू होतात तिथं, एवढं म्हटलं की समोरचा मान डोलावतो. त्याच्या घरातला मिक्सर किंवा मोबाइल बहुधा आमच्याच बाजूच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमधून गेलेला असतो. ही शेडं पूर्वी भातखाचरं होती. मुंबईच्या जकातीबाहेरची जागा, भाडं कमी, हायवे दारात, म्हणून व्यापारी इकडं वळले. पुढं २०१७ला जकात गेली, जीएसटी आला, पण गोडाऊनं गेली नाहीत, उलट वाढली. आता मानकोलीपासून दापोडे, वळ, राहनाळ करत थेट अंजूरफाट्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीच दिसतात.

या पट्ट्यात कामावर असलेली माणसं मोजायला बसलं तर आमच्या आगरी-कोळ्यांपेक्षा बाहेरचीच जास्त भरतील. हमाल उत्तर प्रदेश-बिहारचे, ट्रेलरवाले राजस्थान-हरियाणाचे, सुपरवायझर विदर्भ-मराठवाड्यातले. आणि आमची पोरं? ती आणखी कुठं तरी. माझा भाचा थायलंडमध्ये आहे. बँकॉकच्या बांग ना भागात राहतो, कारखाना शेजारच्या समुत प्राकान प्रांतात. इथं बिहारचा पोऱ्या माल चढवतो, तिथं मानकोलीचा पोरगा गाड्यांचे सुटे भाग तपासतो. दोघंही आईला रात्री जेवल्यावरच फोन लावतात.

२०२०मध्ये हे दोघं एकदमच अडकले. चीनबाहेरचा कोरोनाचा पहिला रुग्ण थायलंडमध्येच नोंदला गेला, १३ जानेवारीला. तेव्हा बहिणीनं देव पाण्यात घातले होते. २४ मार्चच्या रात्री आपल्याकडं टाळेबंदी जाहीर झाली, २६ मार्चला तिकडं आणीबाणी लागली. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री दहा ते पहाटे चार संचारबंदी आली आणि लगोलग प्रवासी विमानंही बंद झाली. मे महिन्यात वंदे भारत मोहिमेची विमानं सुरू झाली तरी भाचा आला नाही. कारखाना चालू होता, पगार मिळत होता. इथं येऊन करणार काय, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. परदेशात राहणाऱ्याला घर आणि पगार यांतलं एक निवडायची वेळ येते तेव्हा तो पगार निवडतो, कारण त्या पगारावरच घर उभं असतं.

तो फोनवर आजाराबद्दल कमी आणि रस्त्याबद्दल जास्त बोलायचा. तिकडंही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, तशाच बायका-पोरं मागं बसवलेल्या मोटारसायकली, तसेच गल्लीच्या तोंडाशी उभे भाड्याचे दुचाकीवाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या अहवालात थायलंडमध्ये लाख लोकांमागे रस्त्यावर मरणाऱ्यांचा दर ३२.७ होता, भारताचा २२.६. आणि तिथं मरणाऱ्या दर चारांतले जवळपास तीन दुचाकी-तीनचाकीवरचे. नवीन वर्षाला आणि एप्रिलमधल्या सोंगक्रानला, म्हणजे त्यांच्या पाण्याच्या सणाला, तिथलं सरकार सात धोक्याचे दिवस जाहीर करतं आणि रोज टीव्हीवर आकडा सांगतं, आज इतके अपघात, इतके मृत्यू. २०२०ला सोंगक्रानची सुट्टीच पुढं ढकलली आणि बँकॉकमध्ये त्या दिवसांत दारूविक्री बंद ठेवली. भाचा म्हणाला, "मामा, यंदा तेच आकडे सांगणारे लोक कोरोनाचे आकडे सांगतायत."

आपल्याकडं असे आकडे रोज कोणी सांगत नाही. वर्षाचा अहवाल येतो तो वर्ष उलटून गेल्यावर. त्यातला २०२०चा भाग मात्र मुद्दाम वाचण्यासारखा आहे. २०१९मध्ये देशात साडेचार लाखांच्या आसपास अपघात आणि दीड लाखावर मृत्यू झाले. २०२०मध्ये कित्येक महिने रस्ते ओस होते, अपघात पावणेचार लाखांच्या खाली आले, तरी मृत्यू एक लाख तीस हजारांच्या वरच राहिले. शंभर अपघातांमागं आधी चौतीसच्या घरात माणसं जात, ती छत्तीसवर गेली. रस्ता मोकळा मिळाला आणि आपण तो वेगानं भरून काढला. आमच्या नाक्यावर ज्यानं ते दिवस पाहिलेत त्याला हा आकडा नवा वाटणार नाही. एरवी इथं गाडी पहिल्या गियरच्या वर जात नाही. त्या उन्हाळ्यात रिकामे कंटेनर फ्लायओव्हरवरून असे उतरत की खालच्या टपरीच्या बरण्या वाजायच्या.

आणि त्याच रस्त्यानं माणसं चालत होती. ठाण्याकडून यायची, खाडीचा पूल ओलांडून मानकोली, मग रांजनोली, पडघा, पुढं कसारा घाट. डोक्यावर रंगाचे रिकामे डबे, त्यात भांडी. एकाच्या पाठीवर पंखा बांधलेला होता, टेबलफॅन, वायर गुंडाळून. रिक्षाही जायच्या, काळ्या-पिवळ्या, एमएच ०२ आणि एमएच ०३च्या, अंधेरी-कुर्ल्याच्या, मागं बायको, पोरं, स्टोव्ह, आणि तोंड जौनपूर-आझमगढकडं. हायवेवर एरवी रिक्षा दिसली की आम्ही शिव्या देतो. तेव्हा कोणी दिल्या नाहीत. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, पण गाडीत नाव लागेपर्यंत थांबायला ज्यांच्याकडं पैसे नव्हते ती माणसं चालतच राहिली.

८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघाले होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी. त्या महिनाभरात वाटेवर ट्रकांतून, ट्रकांखाली आणखी किती तरी गेले. टाळेबंदी आजारापासून वाचवायला होती, आणि तिनं ज्यांना घराबाहेर काढलं त्यांना रस्त्याच्या हवाली केलं. याला दुर्दैव म्हणणं मला पटत नाही. रस्त्यावरून कोण जाणार, कसं जाणार, याचा विचार कोणीच केला नव्हता, एवढंच खरं.

त्याच दिवसांतली एक दुपार. आमच्या सर्व्हिस रोडला एक मोटारसायकलवाला घसरला. खडीवरून चाक सरकलं असणार. हेल्मेट होतं, पण हनुवटीचा पट्टा लावलेला नव्हता, ते दूर गटाराशी जाऊन पडलं. बघता बघता दहा-पंधरा माणसं जमली आणि गोल करून उभी राहिली, चांगली दोन हात लांब. प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. कोणी शिवेना. आमच्या गावातला एक म्हातारा लांबूनच ओरडत होता, "पानी द्या रं त्याला, पानी!" पण पाण्याची बाटली त्याच्या हातापर्यंत नेणार कोण? मीही त्या गोलातच होतो, रिकाम्या हातानं. शेवटी बाजूच्या गोडाऊनातला एक हमाल आला. गमछा तोंडाला गुंडाळलेला, पायात स्लीपर. त्यानं आधी रस्त्यावर दोन रिकामे क्रेट उभे केले, म्हणजे मागची गाडी अंगावर यायला नको. मग त्या माणसाची मान हलू न देता खांद्याखाली हात घातले आणि आमच्यातल्याच एका टेम्पोवाल्याला नावानं हाक मारून मागचं फळकूट खाली करायला लावलं. दवाखान्यात घेईनात म्हणून टेम्पो पुढच्या दवाखान्यात गेला. भिवंडीचं इंदिरा गांधी रुग्णालय आणि ठाण्याचं जिल्हा रुग्णालय त्या साली कोविडसाठी राखली गेली होती. हात मोडलेल्यानं जायचं कुठं, हा तेव्हा प्रत्येक वेळी नवा शोध असे. माणूस वाचला. हमाल संध्याकाळी पुन्हा कामावर दिसला. पुढच्या आठवड्यात तोही गावी निघून गेला.

परक्या गावात पडलेल्या माणसाला उचलायला बहुतेक वेळा परकाच माणूस येतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. गावचा माणूस पडला तर त्याचा भाऊ येतो, पक्षाचे चार जण येतात, पोलीस ठाण्यात उभं राहायला सरपंच येतो. ज्याचं इथं कोणी नाही त्याच्या वाट्याला फक्त रस्त्यावरचे येतात.

भाचाही पावसाळ्यात पडला. गुडघा फुटला, बाकी ठीक. आम्हाला त्यानं बरं झाल्यावर सांगितलं, ही परदेशातल्या पोरांची रीतच आहे. त्याला उचललं ते तिथल्या एका स्वयंसेवी संस्थेच्या मुलांनी. हातमोजे, मास्क, वायरलेस, स्वतःची गाडी. बँकॉकमध्ये अशा संस्था रात्रंदिवस रस्त्यावर असतात. त्यांतली सगळ्यात नावाजलेली पोह तेक तुंग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बँकॉकमधल्या चिनी व्यापाऱ्यांनी ती उभी केली. कमवायला आलेले चिनी लोक परमुलखात मरत, प्रेत न्यायला कोणी नसे, ती बेवारस प्रेतं उचलून मूठमाती देणं हे तिचं मूळ काम. प्रेतं उचलता उचलता ती अपघातातली जिवंत माणसं उचलू लागली. म्हणजे ज्यांना परक्या देशात आपलं कोणी नव्हतं त्यांनीच सगळ्या शहरासाठी सोय करून ठेवली. भाच्याला मात्र त्या रात्री या इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं, गाडीचा विमा आणि लायसन्स यांची चिंता होती. भाड्याच्या स्कूटरला तिथं चालणारं लायसन्स नसेल तर विमेवाले हात वर करतात. थायलंडला फिरायला जाणाऱ्या आपल्या पोरांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. बीचवर चप्पल घालून स्कूटर पळवायचा मोह भलताच महागात पडतो.

आमच्याकडं तशी संस्था नाही. १०८ची रुग्णवाहिका आहे, २०१४पासून, आणि ती येते. पण मानकोलीला संध्याकाळी सहा वाजता ती कुठून वाट काढणार? शिफ्ट सुटलेली असते, हायवेला फुटपाथ नाही, बाया-बाप्ये डिव्हायडरच्या कटमधून पलीकडं जातात, छोटा हत्तीवाले राँग साइडनं येतात कारण पुढचा यू-टर्न लांब आहे. कोरोनानंतर घरपोच माल मागवायची सवय लागली, गोडाऊनं वाढली, पाठीवर चौकोनी थैली घेतलेली पोरं वाढली. २०२४मध्ये मोठागावचा पूल सुरू झाला आणि डोंबिवलीची माणसं थेट आमच्या नाक्यावर उतरू लागली. त्यांचा वेळ वाचला, चांगलंच झालं. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा आमच्याच तालुक्यात आमणेपर्यंत खुला झाला. नागपूरहून ७०१ किलोमीटर सुसाट आलेला माणूस इथं येऊन एकदम खड्ड्यात, हमालांत आणि ट्रेलरांत सापडतो. माजिवडा ते वडपे रस्ता रुंद करायचं काम निघालं आहे. रस्ता रुंद होईल, पण चालणाऱ्यानं तो ओलांडायचा कसा, हे कोणी इंजिनिअर मला सांगू शकला तर मी त्याला आमच्या घरी जेवायला बोलावीन.

माझी आत्या अजूनही कोणीही निघालं की दारातून म्हणते, "गारी हलू हाक." पूर्वी ते घरच्यांना म्हणायची. हल्ली आमच्या चाळीतल्या भाडेकरूंनाही म्हणते, बिहारच्या असोत की बीडच्या. तिला हिंदी येत नाही, त्यांना आगरी कळत नाही, पण ते "हां अम्मा" म्हणून किक मारतात.

रस्त्यावर पडलेल्याला माणसं उचलत नाहीत ती दुष्ट असतात म्हणून नाही. पोलिसांचा ससेमिरा, कोर्टाच्या तारखा, दवाखान्यात आधी पैसे भरा, ही भीती खरी होती. आता कायदा बदलला आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही म्हणून इथं सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. पुढं २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आलं. जखमीला उचलणाऱ्यावर चांगल्या हेतूनं केलेल्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही, त्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. २०२५पासून अपघातातल्या जखमीवर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार करायची केंद्राची योजनाही आहे. तेव्हा मानकोली नाक्यावर, किंवा कुठंही, कोणी पडलेला दिसला तर गाडी कडेला घ्या, मागच्यांना हात दाखवा, त्याची मान हलवू नका आणि १०८ लावा. आपलं नाव सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.