पांढरी एक

मोटारसायकल चालवताना गाणं ऐकणं हा माझा एक आवडता गुन्हा होता. ‘होता’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. पण गुन्ह्याच्या शेवटाकडे येण्याआधी त्यातला आनंद मला थोडा सांगू द्या.

तुम्ही म्हणाल, घरात आरामखुर्ची आहे, तिच्यात बसून ऐकावं की गाणं! अहो, पण घरात गृहस्थाला कुणी गाणं ऐकू देतं का? तंबोरे जुळतात न जुळतात तोच कुकरची शिट्टी होते. बडा ख्याल जरा रंगात येतो आणि दाराची घंटा वाजते. आणि घंटा वाजली नाही, तर ‘नुसतेच बसला आहात, तर एवढा लसूण सोलून द्या’ ही फर्माईश ठरलेली. मोटारसायकलवर मात्र लसूण सोलता येत नाही. इअरफोनची दोन बोंडं कानांत खुपसली, वर हेल्मेट चढवलं, की माझं स्वतंत्र नाट्यगृह तयार! तिथे श्रोता एक, खुर्ची एक आणि गवई मात्र मी म्हणेन तो. एकदा लक्ष्मी रस्त्यावर सिग्नल हिरवा व्हायला आणि समेवर यायला एकच गाठ पडली. त्या आनंदात मी असा तल्लीन झालो, की मागच्या मंडळींनी हॉर्नची जुगलबंदी सुरू केली तेव्हा कुठे माझी गाडी हलली.

सौभाग्यवतीचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध. ‘मागून ट्रक आला तर ऐकू यायचा नाही,’ असं ती म्हणे. ‘आरसे कशाला असतात?’ असं मी म्हणे. आरशात रुग्णवाहिकेचा भोंगा दिसत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण स्वतःच्या सोयीचं तत्त्वज्ञान शोधायला माणसाला फारसा वेळ लागत नाही.

या छंदात एक मेख होती. गाडीवर गाण्याचा खरा वैरी इंजिन नसतं, तर वारा असतो. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास हेल्मेटभोवती घोंगावणारा वारा ९० डेसिबलच्या घरात जातो. सतत ८५च्या वर आवाज पडत राहिला तर कानांना इजा होऊ लागते, असं डॉक्टर सांगतात. त्या वाऱ्यावर मात करायची, तर गाणं त्याहून मोठं करावं लागतं. वेग कमी झाला की वारा निमूटपणे खाली बसतो. कानातलं गाणं मात्र चढलेलं ते चढलेलंच राहतं. ही मेख मला नडली, ती गेल्या माघात.

माझे वडील, अण्णा, शहात्तर वर्षांचे. वाई हे माझ्या आईचं माहेर. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. एके दिवशी अण्णा अचानक म्हणाले, ‘वाईला जाऊन ढोल्या गणपतीचं दर्शन घ्यावं म्हणतो.’ मी मोटारीची भाषा काढताच म्हणाले, ‘डब्यात बसून वाईला जायचं नाही. तुझ्या फटफटीवर जाऊ.’

अण्णांच्या या हट्टाला पूर्वपीठिका आहे. १९७२ साली त्यांनी जुनी जावा घेतली होती. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागलेल्या त्या गाड्या. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. किक मारायचा दांडा आणि गिअर टाकायचा दांडा एकच. त्या गाडीवर पुढे टाकीवर मी, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई आणि मधे अण्णा गात आहेत, ही माझ्या लहानपणीची सगळ्यांत जुनी आठवण. गाणं बहुधा ‘मानापमान’मधलं एखादं पद असे. अण्णा म्हणायचे, ‘तिसऱ्या गिअरमध्ये एका ठरावीक वेगाला माझी गाडी बरोबर पांढरी एकला लागते. तंबोरा हवाय कुणाला?’ लहानपणी मला ते खरं वाटे. कॉलेजात गेल्यावर मी त्याला हसू लागलो. पुढे जावा गेली. मग आई गेली, आणि अण्णांची पेटी पलंगाखाली गेली ती तिथेच राहिली.

तर असे आम्ही भल्या सकाळी निघालो. कात्रज मागे पडलं. मोकळा रस्ता लागताच मी सवयीने कानातलं गाणं सुरू केलं आणि वाऱ्याला पुरून उरेल इतकं मोठं केलं. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं! खेड शिवापूर, शिरवळ कधी मागे पडलं, कळलंही नाही. खंबाटकीच्या घाटात मालमोटारींची रांग होती. आम्ही सगळे दुचाकीवाले त्यांच्यामागून मुंगीच्या पावलांनी वर सरकत होतो. मधेच अण्णांची बोटं माझ्या खांद्यावर पडू लागली. टप्, टप्, टप्. ते घाबरले असतील, ‘हळू चालव’ म्हणत असतील, असं समजून मी होता तो वेगही कमी केला. बोटं थांबली नाहीत. ‘म्हातारपण!’ असं मनाशी म्हणून मी कुमारांकडे वळलो.

सुरूर फाट्यावर चहाला थांबलो. आमच्या पाठोपाठ एक तरुण जोडपं स्कूटरवरून उतरलं. त्यातली मुलगी थेट अण्णांकडे आली आणि म्हणाली, ‘आजोबा, किती छान गात होता हो तुम्ही! घाट संपूच नये असं वाटत होतं. आम्ही मुद्दाम तुमच्या मागे राहिलो.’

अण्णा ओशाळल्यासारखे हसले. माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

‘अण्णा, तुम्ही गात होता?’

‘अरे, गाणं कसलं? उगीच आपलं गुणगुणणं.’

‘मला सांगितलं का नाहीत?’

‘तुझं भजन चाललं होतं ना? म्हटलं, आपण आपलं म्हणावं.’ मग बशीतला चहा फुंकत ते जरा वेळाने म्हणाले, ‘तुझी आई मागे बसून माझ्या खांद्यावर ठेका धरायची. लय जरा वाढली की एक जोरात चापटी! आज पहिल्यांदा मागे बसलो, तर हात आपोआप चालायला लागला.’

तीन वर्षं ज्या गळ्यातून सूर निघाला नव्हता, तो माझ्या कानापासून वीतभर अंतरावर गात होता. दोन अनोळखी माणसांनी तो ऐकला, आणि ऐकला नाही तो फक्त मी! कुमारांची भजनं मला हव्या त्या दिवशी, हव्या त्या वेळी पुन्हा ऐकता येणार होती. घाटातलं ते पद ऐकण्याची वेळ मात्र टळून गेली होती. मी बोंडं कानांतून काढली होती, ती डबीत बंद करून खिशात टाकली.

परतताना कानांत काही नव्हतं. बोगदा ओलांडला, खंडाळा गेलं. अण्णा गप्प. ‘गा ना’ असं म्हणायचा मला धीर होत नव्हता. गाणं सांगून आणता येत नाही. शिरवळच्या पुढे सरळ रस्त्याला माझ्या दीडशे सीसीच्या गाडीचा वेग पन्नासच्या आसपास होता. तेवढ्यात अण्णा एकदम म्हणाले, ‘थांब. इथेच ठेव. वाढवू नकोस.’ मी काट्याकडे पाहिलं. इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांना थोडे कमी. अण्णा म्हणाले, ‘हिचाही षड्ज तिथेच आहे रे. फक्त एक सप्तक खाली.’

घरी आल्यावर मी कागद घेऊन हिशेब केला. जावाच्या टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक स्फोट होतो. मिनिटाला ३,९०० फेरे म्हणजे सेकंदाला ६५ स्फोट. पेटीवरच्या मधल्या पांढरी एकच्या दोन सप्तकं खाली, जवळजवळ बरोबर! माझी गाडी फोर-स्ट्रोक. तिच्यात दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणून तेवढ्याच फेऱ्यांना सूर तोच, पण एक सप्तक खाली. कॉलेजात मी ज्याला हसलो होतो, ते गणिताने खरं ठरलं.

पण त्या वेळी रस्त्यावर हिशेब सुचत नव्हता. मी मूठ घट्ट धरून काटा तिथेच ठेवला होता. मागच्या गाड्या हॉर्न देत पुढे जात होत्या, जाऊ दिल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या उजव्या खांद्यावर हलकेच एक बोट पडलं. मग दुसरं.

मी श्वास रोखून पुढच्या रस्त्याकडे पाहत राहिलो.