शेतकऱ्यांच्या तेरा कळा

इंदापूरहून बारामतीला लोक दवाखान्यासाठी जातात, बाजाराला जातात. या वयात मी जाऊ लागलो मराठी टायपिंग शिकायला. आजवर फुलस्केपवर समास सोडून लिहिलं. पण दिवाळी अंकवाले आता ‘युनिकोडमध्येच पाठवा’ म्हणतात.

क्लासमध्ये सगळी भरतीची तयारी करणारी पोरं. त्यांना ‘मराठी ३०’ हवं, म्हणजे मिनिटाला तीस शब्द. शेजारच्याने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘काका, कुठली जागा निघालीय?’’ समोर संगणक, पण अक्षरांची मांडणी जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरची. यंत्राचा कागद एकाच दिशेने सरकायचा, म्हणून डावीकडची वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर. ‘भ’ हवा तर आधी अर्धा भ, मागून काना.

घरच्या लॅपटॉपवर भाच्याने इन्स्क्रिप्ट चालू करून दिलेलं. तिथे उलटं! उच्चाराच्या क्रमाने आधी अक्षर, मग वेलांटी. डाव्या हाताकडे काना-मात्रा, उजव्याकडे बहुतेक व्यंजनं. सकाळी क्लासात बोटांना लागलेली सवय रात्री घरी आडवी यायची. ‘दिवस’ लिहायला जावं, तर वेलांटी एकटीच ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसलेली.

खरी गाठ पडली ती ‘शेतकऱ्यांच्या’शी. श, मात्रा, त, क करत मोजत गेलो, तर तेरा कळा भरल्या. त्यातला ऱ साधा नव्हे, शिफ्ट दाबून येणारा, नुक्त्याचा. साधा र दाबला की पुढच्या य वर रफार चढतो आणि शब्द भलताच दिसतो. कंटाळून मी ‘बागायतदार’ लिहू लागलो. जोडाक्षर नाही, बोटं सरळ पळतात. नीरा डाव्या कालव्याच्या टापूत ते खपूनही जाईल. पण माझ्या गोष्टीतला माणूस जिरायतीचा, पावसाकडे डोळे लावून बसलेला. एका कळीच्या धास्तीने मी त्याला पाटाचं पाणी देऊन टाकलं होतं.

तेव्हा मोरोपंत आठवले. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीत राहिले, १७९४ साली इथेच गेले. त्यांच्या अनेक रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं वर्ज्य. म्हणजे ‘राम’ हे नावच लिहायची सोय नाही! बोरूला कुठलंच अक्षर अवघड नव्हतं. पंतांनी ती अडचण हौसेने मागून घेतली. अशी हौस करायला आधी सगळी अक्षरं हाताखाली असावी लागतात.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, नुसतं बोला की, फोन लिहितो.’’ बोललो. वाक्यं कीर्तनासारखी लांबत गेली, श्वास संपेल तिथे थांबली. ‘स्वल्पविराम’ म्हटलं, तर तो शब्दच उमटला. त्याचीही सवय झाली असती. पण माझ्या माणसाचं ‘न्हाय वं’ फोनने ‘नाही हो’ करून टाकलं आणि तो एकदम सदाशिव पेठेत राहायला गेला.

आता निवेदन तोंडाने सांगतो आणि संवाद बोटांनी एकेक कळ दाबत लिहितो. बागायतदार शोधून शोधून पुन्हा शेतकरी केले. क्लास सोडलेला नाही, सरांनी तीन महिन्यांची फी आधीच घेतलीय. गोष्ट अर्धी झालीय आणि अंकवाल्यांची मुदत गणपतीपर्यंत आहे.