नाव सफरचंदाचे, वारसा भांड्याचा

डेन्मार्कमध्ये नाताळपूर्वीच्या चार रविवारांना विशेष महत्त्व आहे. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रावर चार मेणबत्त्या बसवतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा क्रमाने चौथ्या रविवारी चारही उजळतात. त्या दिवसांत कोपनहेगनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. चोविहार पाळणाऱ्या कुटुंबाला तेथे भर दुपारीच जेवणे उरकावी लागतील! अशा लवकर दाटणाऱ्या अंधारात कुटुंब एकत्र जमते आणि ‘एब्लेस्किवर’ हा पदार्थ गरम गरम वाढला जातो. बाहेरून तांबूस, आतून मऊ असे हे लहान गोळे. वर पिठीसाखर भुरभुरलेली आणि शेजारी स्ट्रॉबेरीचा किंवा रासबेरीचा जॅम.

‘एब्लेस्किवर’ या शब्दाचा अर्थ ‘सफरचंदाच्या फोडी’ असा आहे. पूर्वी या पदार्थात सफरचंद घातले जाई, म्हणून हे नाव पडले. आज सर्वसाधारणपणे त्यात सफरचंद नसते. तरीही आपली फसवणूक झाली असे कोणाला वाटत नाही. ज्या जिन्नसावरून नाव पडले तो जिन्नसच निघून गेला आणि तरी परंपरा अखंड राहिली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मग टिकले ते काय? टिकले ते भांडे आणि ते हाताळणारे हात. हे भांडे बिडाचे, जाड बुडाचे असते व त्याला बहुधा सात अर्धगोल खळगे असतात. आपल्याकडील आप्पेपात्राची कोणालाही आठवण व्हावी. मैदा, ताक, अंडी, खाण्याचा सोडा, थोडी साखर, वेलदोड्याची पूड किंवा लिंबाच्या सालीचा कीस यांचे सरसरीत पीठ करतात. खळग्यात लोणी वितळले की पीठ ओततात. कडेला पापुद्रा धरताच विणकामाच्या सुईने किंवा काडीने गोळा पाव वळसा फिरवतात. आतले ओले पीठ खाली उतरते व नवी कड तयार होते. असे तीन-चार वेळा केल्यावर पूर्ण गोल साधतो. घाई केली तर पापुद्रा फाटतो. उशीर केला तर गोळा अर्धाच राहतो.

ही नेमकी वेळ कोणत्याही पाककृतीत लिहिता येत नाही. आजीच्या शेजारी उभे राहूनच ती कळते. मुलाच्या हाती सुई दिली की त्याचे पहिले काही गोळे वाकडेतिकडे होतात, आणि घरची माणसे तेही आनंदाने खातात. परंपरेचे शिक्षण असेच होत असते.

आता डेन्मार्कमध्येही तयार, गोठवलेले एब्लेस्किवर दुकानात सहज मिळतात. ते ओव्हनमध्ये गरम केले की काम झाले. वेळ वाचतो, चवही बरी असते. परंतु सुई कोणाच्याच हाती येत नाही. व्यापारी कुटुंबाच्या भाषेत सांगायचे तर, व्याज हाती पडत राहते आणि मुद्दल केव्हा संपले ते कळतही नाही.

याउलट उदाहरण अमेरिकेत दिसते. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो डॅनिश कुटुंबे तेथे गेली. पुढे 1911 मध्ये डॅनिश स्थलांतरितांनी कॅलिफोर्नियात सॉल्व्हांग हे गाव वसवले. काही पिढ्यांत अशा बहुतेक घरांतून डॅनिश भाषा मागे पडली. मात्र एब्लेस्किवरचे भांडे राहिले. ज्या नातवंडांना पणजोबांच्या भाषेतले वाक्य बोलता येत नाही, त्यांना गोळा फिरवता येतो. यात समाधान आहे, तशी हुरहुरही आहे. ज्या जैन घरांतील मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, त्यांना ही हुरहुर वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

जैन स्वयंपाकघराला हा पदार्थ जसाच्या तसा चालणार नाही, हे उघड आहे. तथापि अंडी वगळून ताजे ताक व सोडा यांवर पीठ फुगवता येते. गोळा नीट धरावा म्हणून पीठ किंचित घट्ट आणि आच मंद ठेवावी. पीठ रात्रभर आंबवावे लागत नाही. त्यात डाळ नसल्याने द्विदलाचा प्रश्नही येत नाही. घरचे आप्पेपात्र त्याला पुरेसे आहे.

डॅनिश कुटुंबांनी सफरचंद सोडले आणि भांडे राखले. जैन कुटुंब नवे भांडे, नवा पदार्थ सहज स्वीकारते, पण अहिंसेचा नियम सोडत नाही. प्रत्येक घराने काय बदलू द्यावे आणि काय बदलू देऊ नये, याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतला पाहिजे. तो घेतला नाही, तर सोय तो आपल्या वतीने घेऊन टाकते. पर्युषणाच्या पारण्याची तयारी असो की दिवाळीचा फराळ, पुढच्या वेळी डबा विकत आणण्याआधी घरातील एखाद्या नातवाला शेजारी उभे करावे आणि झारा त्याच्या हाती द्यावा. पहिला घाणा बिघडला तरी चालेल.