वायरीचं पोट

लेकीच्या घरामागच्या गवतात सीडरच्या सहा खांबांवर एक सहापाखी छप्पर उभं आहे. ती त्याला गझिबो म्हणते, मी मांडव म्हणतो. भिंती नाहीत, दार नाही, वाऱ्याला कुणी हटकत नाही. मग दुसरं काय म्हणायचं? आमच्या कोकणातल्या अंगणात पाऊस सरला की पोफळीच्या खांबांवर असाच मांडव उभा राहायचा. वर माडाचे झाप. पुढच्या मिरगाआधी तो उतरायचाही. हा मांडव मात्र बारमाही, बर्फालाही न भिणारा.

यंदाची दिवाळी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी झाली. येताना पुण्याहून कापडी आकाशकंदील घडी करून आणला होता, होल्डर-वायरीसकट. चिवड्याच्या डब्याखाली तो सुखरूप आला. संध्याकाळी लेकीनं इथला बल्ब हातात दिला, तर तो होल्डरमध्ये बसेना. आपला बल्ब दोन पिनांचा. दाबून जरा फिरवला की अडकतो. इथल्या बल्बला आटे, बाटलीच्या बुचासारखा फिरवत राहायचा. त्या आट्यांना ई२६ म्हणतात. सव्वीस म्हणजे मिलिमीटरमधली जाडी आणि ई म्हणजे एडिसन. ज्याच्या नावाच्या गावात उभा होतो, त्याच्याच आट्यांशी माझ्या कंदिलाचं जमेना.

याच गावच्या मेन्लो पार्कात १८७९ साली एडिसनच्या प्रयोगशाळेत दिवा टिकून जळू लागला, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री लोक तो उजेड बघायला आले. गावाचं नाव तेव्हा वेगळं होतं. एडिसन हे नाव १९५४ मधलं. पुढे १८८२ साली त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० बल्ब लावले. आपण दिवाळीत गॅलरीच्या कठड्याला गुंडाळतो ती माळ त्या झाडाच्या वंशातली. म्हणजे माळ इथून गेली, कंदील तिथून आला, आणि दोघांची गाठ लेकीच्या मांडवात पडायची होती.

लेकीनं कंदिलाला इथला होल्डर लावला आणि मला बजावलं, "बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. खालून सांगा." सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं काय? आमच्याकडे तुळशीच्या लग्नाला लायटिंग असे. माळ भाड्याची. तिचे जोड नुसते पिळलेले, वर चिकटपट्टी असली तर असली. अण्णा ती खिळ्यांना गुंडाळत जायचे. खिळा वाकवून वायर त्याच्याखाली चेपायची की झालं. हे सगळं लाकडी पाटावर उभं राहून. पाट हीच आमची सुरक्षा. एका पहाटे झाप दवानं ओले होते आणि अण्णांचा हात माळेला लागला. त्यांना झटका बसला, पाट उडाला, आई ओरडली. अण्णा नुसते हात झाडत म्हणाले, "काही नाही, जरा करंट आला." गावच्या सोसायटीत पैशापैशाचा ताळा घालणारे अण्णा, पण विजेचा हिशेब त्यांनी कधी मागितला नाही.

लेक मागत होती. आधी तिनं माळेच्या वायरीवरची चिठ्ठी मला दाखवली. लाल चिठ्ठी असेल तर माळ घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालते. हिरवी असेल तर फक्त घरात. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे खुशाल, हे जन्मभर घोकलेलं इथे उलटं निघालं. मग तिनं मांडवाच्या खांबापासून घराच्या भिंतीपर्यंत पोलादी तार बांधली आणि माळ त्या तारेला हात-हात अंतरावर अडकवत नेली. खिळा नाही, चेपणं नाही. वजन तारेनं घ्यायचं, वाराही तारेनंच सोसायचा. वायरीनं फक्त वीज न्यायची. दिवे उजळले तेव्हा तार दिसेनाशी झाली. तिच्याकडे कुणी बघणारही नव्हतं.

भिंतीवरच्या प्लगमध्ये दोन चिमुकली बटणं होती, टेस्ट आणि रीसेट. एका वायरीनं गेलेली वीज दुसरीनं तेवढीच परत आली का, हे तो प्लग सतत ताडून बघतो. सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे थोडी वीज ओल्या जमिनीतून किंवा कुणाच्या अंगातून वाट काढू लागली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. चार्ल्स डॅलझील नावाच्या बर्कलीच्या प्राध्यापकानं १९६१ साली हे यंत्र काढलं. आपल्या घरांतही हल्ली त्याचं भावंड असतं, बहुधा ३० मिलिअँपिअरवर जागं होणारं. अण्णांना हा हिशेबनीस आवडला असता.

सगळं नीट झालं, एक सोडून. प्लगजवळ लेकीनं वायर सैल सोडली होती. ती प्लगच्याही खाली लोंबून मग वर वळून आत जात होती. मला ते बघवेना. पस्तीस वर्षं पोरांच्या भूमितीच्या वह्या तपासलेला माणूस मी. लेक आत गेल्यावर मी वायर वर ओढली, खांबाशी पक्की बांधली, आणि तिरकी का होईना, पट्टीनं आखावी तशी सरळ केली. प्लगवरचं झाकण मग पुरतं मिटेना, पण रेघ झकास आली होती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाऊस आला. घड्याळं तासभर मागे गेलेली, पाचलाच अंधार. मांडवात माळ, मधोमध कंदील, पाटावर लक्ष्मी. नातीनं पहिली फुलबाजी पेटवली आणि सगळं एकदम काळं झालं. समईच्या दोन वाती तेवढ्या राहिल्या. आमच्याकडे दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. तसे दिवे शांत झाले. कुणाला झटका नाही, पाट उडाला नाही, कुणी ओरडलं नाही.

लेकीनं टॉर्च मारला. माझ्या त्या झकास रेघेवरून पाणी घसरगुंडीसारखं उतरत थेट प्लगच्या तोंडात शिरलं होतं. ती काही बोलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं तेवढं पुरे होतं. दोन खांबांमधली तार कितीही ताणली तरी पूर्ण सरळ होत नाही. सरळपणाच्या जितकं जवळ जावं तितका खांबांवरची ओढ बेसुमार वाढते. हे मी वर्गात शिकवलेलं. आणि इतकी वर्षं रोज सकाळी तिला फोन करून "जेवलीस का, पोचलीस का, स्वेटर घातलास का" विचारत होतो, तेव्हा दुसऱ्या टोकाच्या खांबाला काय होत असेल, हे मनात आलं नव्हतं.

त्या रात्री माळ बंदच राहिली. समईच्या उजेडात फराळ झाला. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, प्लग वाळला, जावयानं तो तपासला. मी खांबाजवळची गाठ सोडली आणि वायरीला पुन्हा पोट दिलं, चांगलं वीतभर, प्लगच्या खाली. झाकण आपसूक मिटलं. रीसेटचं बटण लेकीनं दाबलं.

पाडव्याला पुन्हा भुरभुर लागली. मी शाल गुंडाळून भिंतीशी उभा राहिलो. एक थेंब वायरीवरून घरंगळत आला, प्रत्येक बल्बाचा उजेड अंगावर घेत. पोटापाशी आला तसा थबकला. मागून दुसरा येऊन त्याला मिळाला, तो जड झाला, आणि टप्‌कन गवतात पडला.