नवी बॅटरी बसेल का?

गेला शनिवार पूर्ण गाडीत गेला. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघून सकाळी जळगावला घरी पोचलो, आईने चहा दिला, आणि तो संपायच्या आत नानांनी जाहीर केलं, "आंघोळ कर. धुळ्याला जायचंय, गाडी बघायला."

आता जळगावात काय शोरूम नाहीत? आहेत की. पण धुळ्याला ताई राहते आणि दाजींच्या ओळखीचा एक सेल्समन आहे. आमच्या खानदेशात मोठी खरेदी ओळखीशिवाय होत नाही. (सोन्याचं उलट आहे, त्यासाठी धुळेकर जळगावला येतात.)

खरं तर हे खूळ मीच घातलेलं. दिवाळीत नानांना बसवून पेट्रोलचा खर्च, विजेचा खर्च, सगळं एक्सेलमध्ये मांडून दाखवलं होतं. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. जन्मभर बसच्या खाली झोपून काढलेल्या माणसाला एक्सेलने पटवता येतं असा माझा समज होता. पैसे त्यांच्या फंडाचे, बारा-तेरा लाख. त्यातून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशनही व्हायचं आहे. "ही माझी शेवटची गाडी," असं ते दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा विषय बदलला.

पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे करत अकराला धुळ्यात पोचलो. सेल्समन चांगला मुलगा होता. "काका, ही गाडी म्हणजे चाकांवरचा मोबाइल. अपडेट येत राहतात. पाच वर्षांनीही नवीनच!" नानांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. ते सरळ खाली वाकले आणि बॅटरीचं कव्हर बघायला लागले. मग उठून, हात झटकत, "पाच वर्षांनी याच्यापेक्षा मोठी बॅटरी निघाली, तर ती याच्यात बसेल का?"

"बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे काका."

"मी वॉरंटी नाही विचारली."

मग माझ्याकडे वळून, "काय सांगून राहिला हा? तू इंजिनीअर ना, तू सांग."

माझी बोलती बंद. :)

नानांचा प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. एसटीने जुन्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या उतरवून त्याच चॅसिसवर पोलादी बॉड्या चढवल्या. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत हे काम झालं. नानांच्या लेखी गाडी म्हणजे चॅसिस, बाकी सगळं बदलायचं सामान. पहिली रेवा 2001 साली आली तीसुद्धा त्यांच्या हिशेबात बसली असती. सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या. गेल्या की काढा, दुसऱ्या टाका.

आजच्या गाडीत तसं नाही. बॅटरी पॅक म्हणजे नुसते सेल नव्हेत. त्याचं व्होल्टेज मोटरच्या कंट्रोलरशी जुळलेलं, कूलिंगच्या नळ्या त्याच मापाच्या, आणि आत एक बीएमएस म्हणून कॉम्प्युटर बसलेला, जो गाडीच्या बाकी कॉम्प्युटरशी सतत बोलतो. ओळख पटली नाही तर गाडी जागची हलत नाही. शिवाय वजन वाढलं की ब्रेक, सस्पेन्शन आणि सरकारी मान्यता, सगळं परत तपासायला लागतं. धातू बसेल हो, पण सॉफ्टवेअर बसू द्यायचं नाही.

मग अपडेटने होतं काय? होतं बरंच. टाटांनी जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही आणली, 30.2 किलोवॉट-अवर बॅटरीची. जुलै 2022 मध्ये त्यांनी जुन्या मालकांना फुकट अपडेट दिलं. रिजनचे कमीजास्त टप्पे, क्रूझ कंट्रोल, आणि टायरमधली हवा कमी झाली की इशारा. हा हवेचा इशारा मला भारी आवडतो, कारण त्यासाठी टायरमध्ये नवा सेन्सर बसवला नाही. हवा कमी झाली की टायरची त्रिज्या किंचित घटते, चाक बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फिरतं, आणि चाकाचा वेग मोजणारे सेन्सर एबीएससाठी आधीपासून असतातच. माहिती गाडीत पडून होती, कुणीतरी ती वाचायचा कोड लिहिला. पण त्याच वर्षी मे महिन्यात 40.5ची बॅटरी आली ती नव्या मॉडेलमध्ये. ती काही वायफायवरून जुन्या गाडीत उतरली नाही.

चार्जरच्या पिनचंही तेच. सुरुवातीच्या काही गाड्या 'भारत डीसी-001'वाल्या होत्या, नंतर सगळे सीसीएस-2कडे गेले. हे सॉफ्टवेअरने कसं बदलणार?

टेस्लाने प्रयत्न केला, तेही सांगतो. 2019 पासून त्यांनी सेल्फ-ड्रायव्हिंगचे पैसे भरलेल्या जुन्या गाड्यांत नवा कॉम्प्युटर फुकट बसवून दिला. मग त्याच्याही पुढचा कॉम्प्युटर आला, आणि जानेवारी 2025 मध्ये मस्कना कबूल करावं लागलं की आधीचाही बदलावा लागेल. आणि त्यांच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये 8 जीबीची फ्लॅश मेमरी होती, तिच्यावर इतकं लिहिलं जायचं की ती झिजून स्क्रीन बंद पडायच्या. 2021 मध्ये त्यासाठी सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

हे वाचून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण गेल्या महिन्यातच आमच्या टीमने ग्राहकांना एक मेल पाठवला: तिसऱ्या पिढीच्या मशीनला आता अपडेट मिळणार नाही. मशीन चालत होती. नव्या कोडला मेमरी पुरत नव्हती, इतकंच. त्या मेलचा मसुदा मी लिहिला होता. पलीकडे कुणी नाना असतील हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

असो. ताईकडे भरीत-भाकरी जेवून परत निघालो. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा मी एकदाचं सांगून टाकलं. "नाना, नाही बसणार. कंपनीने मनावर घेतलं तर वेगळं, पण त्यावर पैसे लावू नका."

"मंग आत्ताच मोठी घ्यायची का?"

कागदी कपावरच हिशेब मांडला. आमचं काम जळगाव-धुळे-जळगाव, जवळजवळ 190 किलोमीटर. मे महिना, एसी चालू, हायवे, म्हणजे एका युनिटला सहा किलोमीटर धरा. 30ची बॅटरी पहिल्याच दिवशी येऊन-जाऊन पुरत नाही. 45ची 270 देईल, आणि आठ वर्षांनी वीस टक्के घटली तरी 215च्या आसपास. काठावर, पण पुरते. फरक दीड लाखाचा. आईच्या गुडघ्याचा आकडा त्याच कपाच्या दुसऱ्या बाजूला लिहिला. मी कप फेकणार तेवढ्यात नानांनी तो घडी करून खिशात ठेवला.

काल त्यांचा फोन आला. सेल्समनकडे त्यांनी बॅटरीच्या एका मॉड्यूलची किंमत मागितली आहे, आणि दहा वर्षं ते मिळेल का, तेही. लेखी. तो म्हणे "वर विचारतो".

"मग आता?"

"मंग काय, विचारू दे. तोवर जुनीचं ऑइल बदलून घेतो."