पेटीतले कागद आणि प्रवेशाचा अर्ज

विद्या आणि पदवी या सख्ख्या बहिणी असल्या, तरी त्या नेहमी एकाच घरी नांदतात असे नाही. आपल्या बडोद्यापुरते बोलायचे, तर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये संस्थानच्या नोकरीत आले, आणि महाराजांस ग्रंथ वाचून दाखवता दाखवता, राजपुत्रांस शिकवता शिकवता इतिहासकार झाले. पुढे पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ 22 खंडांत छापली. या दोघांनाही कोण्या विद्यापीठाच्या खिडकीपुढे प्रवेशाचा अर्ज घेऊन उभे राहावे लागले नाही.

आमच्या पुतणीने सांस्कृतिक वारशाच्या विषयात पीएच.डी. करण्याचा मनोदय घरात बोलून दाखवला, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनी, नेमकी हीच दोन नावे पुढे केली. “अभ्यास करायचा तर घरी बसून कर. त्याला सहा वर्षे आणि फी कशाला?” असा त्यांचा सवाल होता. मुलगी एकतीस वर्षांची, शाळेत कायम नोकरीवर, घरात लहान मूल. त्यांची काळजी अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. तथापि तिच्या अर्जाचे ते आठ-दहा महिने जवळून पाहिल्यानंतर आमचे असे मत झाले आहे, की प्रवेश मिळो वा न मिळो, हा अर्ज लिहिणे हीच एक शिकवण आहे. आणि आपल्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या परमुलखात राहून आपले जुनेपण जपणाऱ्या समाजाला तिची विशेष गरज आहे.

प्रथम व्यवहाराचे बोलू, कारण पुष्कळ घरांतून याविषयी अर्धवट माहिती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे हा अभ्यासक्रम कमीत कमी तीन व साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षांचा आहे. स्त्रियांना त्याहून दोन वर्षांची सवलत आहे आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र त्यासाठी नोकरी देणाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यात उमेदवाराला अभ्यासासाठी पुरेसा वेळ मिळेल आणि आवश्यक तेव्हा कामातून मोकळे केले जाईल, असे लिहून द्यावे लागते. ही एवढीशी ओळ मिळवण्यासाठी आमच्या पुतणीला शाळेच्या कार्यालयात तीन महिने हेलपाटे घालावे लागले.

मार्गदर्शकांचेही गणित असते. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. ज्या विद्वानांची पुस्तके वाचून तिने हा विषय मनात धरला होता, ते नेमके या शेवटच्या अटीत बसले. त्यांनी तिचे टिपण मात्र आपुलकीने वाचले. “हा एका ग्रंथालयाचा विषय आहे, एका प्रबंधाचा नव्हे,” एवढेच सांगून त्यांनी कागद परत केले.

तिने लिहिलेला विषय होता: ‘बडोद्याच्या मराठी समाजाचा सांस्कृतिक वारसा’. आम्हांस तो ऐकताच आवडला होता. कोणत्याही बडोदेकराला आवडेल! त्यात तांबेकर वाड्याची भित्तिचित्रे आली, कीर्तिमंदिरात नंदलाल बसूंनी रंगवलेल्या भिंती आल्या, 1916 पासून निघू लागलेली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला आली, प्राच्यविद्या मंदिराने 1975 मध्ये पूर्ण केलेली वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती आली, आणि सयाजीराव महाराज तर आलेच. आपण एकमेकांस भेटलो की यांतील एखादी गोष्ट निघतेच, आणि निघाली की छाती फुगते. परंतु अर्जातील रकाना अभिमानासाठी नसतो. तेथे विचारलेले असते, की आपला संशोधनाचा प्रश्न काय? आजवर इतरांनी काय लिहिले? त्यात काय राहिले? आणि ते आपण कशाच्या आधारे शोधणार? ‘आमचे सारे थोर आहे’ हे यांपैकी कशाचेही उत्तर नव्हे.

सहा आठवडे ती त्या एका प्रश्नाच्या मागे होती. तो सापडला आमच्याच घरात.

आमच्या मागच्या खोलीत एक सागवानी पेटी आहे. तीत लाल कापडात बांधलेले मोडी कागदांचे चार रुमाल आहेत. आमच्या वडिलांना मोडी येत होती, आम्हांस येत नाही. पुतणी सुटीच्या वर्गात मोडी शिकली. तिने ते रुमाल सोडून एकेका कागदाची यादी केली. घराचे खरेदीखत, जमिनीच्या कागदांच्या नकला, देण्याघेण्याच्या रोजकीर्दी, दोन जन्मपत्रिका, आणि एक वाटणीपत्र. यादी पुरी झाल्यावर ती ओसरीवरच्या झोपाळ्याकडे गेली. तेथे आमच्या मातोश्री बसल्या होत्या. त्या आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत.

“आजी, यात बायकांचं एकही पत्र नाही. तुला माहेरून पत्रं येत नव्हती का?”

“येत होती की. महिन्याला दोन यायची.”

“मग ती कुठे आहेत?”

“बंबात गेली. कागद चांगला पेटतो.”

“आणि खरेदीखत?”

“खरेदीखत कुणी बंबात घालतं का गं?” मातोश्री म्हणाल्या, आणि आपल्या या नातीला एवढे शिकून इतकेही कसे कळत नाही, अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिले.

त्या रात्री तिने अर्जातील रूपरेषा पुन्हा लिहिली. बडोदे संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. 1960 मध्ये आपण गुजरात राज्यात आलो. या अकरा वर्षांत संस्थानी नोकऱ्या, मानमरातब, लिपी, दरबारी कागदांचे मोल, सारेच बदलले. त्या बदलात बडोद्याच्या मराठी घरांनी कोणते कागद ठेवले, कोणते टाकले, आणि हे घरात कोणी ठरवले, हा तिचा प्रश्न झाला. वारसा म्हणजे जे उरले ते, अशी आपली समजूत असते. परंतु उरते ते आपोआप उरत नाही. कोणीतरी ते उचलून पेटीत ठेवतो, आणि त्याच हाताने दुसरे काही बंबाजवळ नेऊन ठेवतो. निवडणारा हात कोणाचा होता, हे कळल्यावाचून उरलेल्याचा अर्थ लागत नाही. एवढी साधी गोष्ट, पण पन्नास वर्षे त्या पेटीशेजारी राहून आमच्या घरात ती कोणी विचारली नव्हती.

प्रश्न सापडला आणि घरात वाद सुरू झाला. रूपरेषेत अभ्यासाची साधने द्यावी लागतात. तिने आमचे चार रुमाल त्यांत धरले होते. त्यातील वाटणीपत्र दोन भावांमधील कटुतेचे आहे. त्यांच्यापैकी एकाचे आम्ही वंशज, दुसऱ्याचे वंशज याच शहरात राहतात, आणि गणपतीत एकमेकांकडे आमचे जाणेयेणे आहे. “घरची भांडणे चव्हाट्यावर मांडायची का?” असे दादांनी विचारले. शिवाय एका रोजकीर्दीवरून असे दिसत होते, की ज्या पूर्वजांविषयी ‘गायकवाडांच्या फौजेबरोबर तलवार घेऊन आले’ असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, ते कोठीवर धान्याचा हिशेब ठेवणारे कारकून होते. दादांना वाटणीपत्राहूनही हेच अधिक लागले असावे. आम्ही त्यांना म्हटले, “दादा, कोठीचा हिशेब चोख नसता तर फौज उपाशी मेली असती.” ते हसले नाहीत.

निकाल मातोश्रींनी दिला. “भांडले ते गेले. त्यांच्या नावाची अब्रू राखा आणि कागद पोरीला वाचू द्या. मी जाळले ते जाळले. तुम्ही आता कुलूप लावू नका.” त्याप्रमाणे दुसऱ्या शाखेकडे जाऊन रीतसर विचारणे झाले, त्यांची लेखी संमती घेतली गेली, आणि प्रबंधात खरी नावे येणार नाहीत असे पुतणीने लिहून दिले. संशोधनात अशी संमती घेणे हा नीतीचाच भाग असल्याचे तिने आम्हांस समजावले. आमच्या लेखी त्याचे फळ निराळेच होते. त्या दोन घरांत वाटणीचा विषय प्रथमच उघडपणे बोलला गेला, आणि चहा निवण्यापूर्वी संपला.

पुढे परीक्षा. जून 2024 च्या ‘नेट’पासून तिचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले. दोन पत्रिकांचे मिळून 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास. निकालाच्या तीन पायऱ्या: वरच्या पायरीवर शिष्यवृत्ती व अध्यापनाची पात्रता, मधल्या पायरीवर अध्यापनाची पात्रता व पीएच.डी.चा प्रवेश, तिसऱ्या पायरीवर केवळ प्रवेशाची पात्रता. वरच्या पायरीवरील कनिष्ठ शिष्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. आमची पुतणी तिसऱ्या पायरीवर उत्तीर्ण झाली. म्हणजे दार उघडले, पण शिदोरी मिळाली नाही. आणि ते दारही वर्षभरच उघडे, कारण हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणून नोकरी ठेवून अर्धवेळ करण्याचे ठरले. अशा उमेदवारांच्या बाबतीत परीक्षेच्या गुणांना 70 टक्के व मुलाखतीला 30 टक्के महत्त्व असते.

मुलाखतीत तिला विचारले गेले, की स्वतःच्या घराचा अभ्यास तटस्थपणे कसा कराल? ती म्हणाली, की आपले घर हे वीस घरांपैकी एक असेल, आणि इतर घरांस जे प्रश्न विचारणार तेच, त्याच क्रमाने, आपल्या आजीलाही विचारणार. उत्तर साधेच होते. परंतु ते देण्यासाठी आधी घराच्या बाहेर येऊन घराकडे पाहावे लागते, आणि आम्हांस वाटते, अर्जाने तिला तेवढे बाहेर आणले होते.

रियासतकारांना आणि राजवाड्यांना हे अर्जाविना साधले, हे खरेच. त्यांच्यासारखे साधते त्यांनी खुशाल घरी बसावे. आम्ही बाकीचे लोक ‘आमचा वारसा’ म्हणून थांबतो. कोणीतरी रकाना पुढे करून ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारले तरच पुढचे पाऊल पडते.

पुतणीला प्रवेश मिळाला आहे. शाळा सुटल्यावर ती अभ्यासवर्गांना जाते, आणि मूल त्या वेळी दादांपाशी असते. दादा अजूनही ‘घरी बसून झाले असते’ असे म्हणतात. पण परवा त्यांनीच शेजारच्या गल्लीतून निरोप आणला, की तेथला एक वाडा दिवाळीनंतर पाडला जाणार असून माळ्यावर कागदांची दोन गाठोडी आहेत.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असे काही असेल, तर एवढेच करावे: त्याला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये, कागद काचेसारखा चकचकीत करून देणाऱ्या दुकानात तर मुळीच नेऊ नये. सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवावे, आणि ते कोणाचे, कोठून आले, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून एका वहीत लिहावे. त्याच वहीत, काय जाळले गेले तेही लिहून ठेवावे. आमच्या मातोश्रींनी आपल्या आईच्या पत्रांतील आठवतो तेवढा मजकूर सांगायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत अकरा पाने झाली.